पाटीतला भुंगा

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी चष्मा पुसला असशील आणि मग "आता याला काय हवंय?" असं म्हणाली असशील. हवंय. पण आधी जरा ऐकून घे.

आमच्या वसाहतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, सगळ्यांचं मिळून एक शेत आहे. बत्तीस कुटुंबांचे बत्तीस वाफे. त्याच्या कुंपणालगत एक पट्टा नुसता पडून आहे, चाळीस पावलं लांब आणि चार पावलं रुंद. तिथे जे उगवतं ते आपलं आपण. मी रोज सकाळी आपलं पाचवीचं वाचनपुस्तक घेऊन तिथल्या दगडावर बसतो. का, ते तुला सांगायला नको. आपली शाळेची वाट अशीच होती. एका अंगाला कुंपण, दुसऱ्या अंगाला कालवा आणि मधे ती फुलं, ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती म्हणून आपणच ठेवली. शाईसांडी, आजीचं बटण, मास्तरांची शिंक. आठवतात?

परवाच्या वार्षिक सभेत अध्यक्षीणबाईंनी ठराव आणला की, हा पट्टा सिमेंटचा करून तिथे गाड्या लावाव्यात. बाई दातांच्या डॉक्टर होत्या. दवाखाना बंद केला, पण मोकळी जागा दिसली की भरून टाकायची सवय काही गेली नाही. भराभर हात वर झाले. आणि धाकटे, मला काय झालं कोण जाणे, मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तुमच्या भोपळ्याला फळ धरत नाही म्हणून रडता ना? इथे मी मधमाश्यांसाठी फुलं लावीन. याच मातीतली!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माघार घेता येत नाही, हे तू जाणतेस.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ठीक आहे गुरुजी. एक वर्ष देते. पुढच्या सभेपर्यंत फुलांवर येणारे दहा प्रकारचे कीटक दाखवा. नाहीतर सिमेंट."

आता अडचण अशी की, मी जन्मभर कविता शिकवल्या. कवितेत फुलं पुष्कळ असतात, पण ती कशी लावायची हे एकही कवी लिहीत नाही. तू तीस वर्षं बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत होतीस. काही सुचव. सुरुवात मी केलीच आहे. रोपवाटिकेतून भरगच्च गुलाब, डबल झेंडू आणि डेलिया आणून लावलेत. पट्टा झाडून असा लख्ख केलाय की वर्गतपासणीला यावं!

तुझा,
दादा

१२ मार्च

ती. दादास साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत म्हणून कागदावरच.

भाषण छान केलंस. ते तू करतोसच.

अरे शहाण्या, भरगच्च गुलाब म्हणजे दार नसलेलं दुकान. पाकळीवर पाकळी, शिरायला फट नाही, आणि शिरलं तरी आत माल नाही. मधमाशीला कविता कळत नाही, भूक कळते. ती सगळी नटवी मंडळी काढ आणि अध्यक्षीणबाईंना भेट दे.

झाडणं तर आजच्या आज बंद. तुला मधमाशी म्हटलं की पोळं, राणी आणि मध एवढंच दिसतं. बहुतेक माश्या एकट्या राहतात, माझ्यासारख्या. कुणी उघड्या मातीत पेन्सिलीएवढं भोक पाडून, तर कुणी वाळक्या पोकळ काडीत. स्वतःचं घर स्वतः करतात आणि कुणाला बोलावून दाखवत नाहीत. त्यांच्यावर कविता नसेल, म्हणून तुझ्या अभ्यासक्रमात आल्या नाहीत. तू वाळक्या काड्या उचलल्यास म्हणजे नेमकी त्यांची घरं केरात टाकलीस. तेव्हा उन्हाकडे तोंड असलेला थोडा उतार उघडा ठेव, वाळलेली खोडं उभी राहू दे आणि औषध फवारू नकोस. दिसायला गबाळं दिसेल. तू दहावीत कसा दिसायचास ते आठव म्हणजे धीर येईल.

सोबत सात पाकिटं आहेत. निवृत्तीनंतर मी काय करते, हे तू कधी विचारलं नाहीस. मी फिरायला जाते आणि बी गोळा करते. तुझं गाव आणि माझं गाव एकाच नदीच्या खोऱ्यातलं, म्हणून पाठवतेय, नाहीतर दिलं नसतं. प्रत्येकातलं शंभर-शंभर बी ओल्या टिपकागदावर ठेवून पाहिलंय. शाईसांडी शंभरात एकसष्ट उगवते. आजीचं बटण चव्वेचाळीस. मास्तरांची शिंक फक्त चौदा, पण मास्तरही साधारण तेवढेच कामाचे होते.

आणि हो, मला सगळी नावं आठवतात. 'शाईसांडी' मी ठेवलं होतं.

धाकटी

२० जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

काय सांगू! उगवलं! मी सात ओळी आखून, प्रत्येक ओळीपुढे नावाची चिठ्ठी लावून पेरलं होतं, वर्गातल्या बाकांसारखं. शाईसांडी फुलली त्या सकाळी मी वाचनपुस्तक उघडलंच नाही. त्या निळ्या रंगापुढे बसलो आणि मला पाटी-दप्तराचा वास आला. डोळे मिटले, तर तू पुढे धावतेस आणि मी मागून ओरडतोय, "थांब गं, पडशील!" (पडायचो नेहमी मीच, ही गोष्ट वेगळी.)

वसाहतीत तर माझं नाव झालंय. लोक वाफ्यावर येऊन सल्ला विचारतात. परवा टोमॅटोवाले शेजारी म्हणाले, "गुरुजी, तुम्ही कीटकशास्त्र कधी शिकलात?" मी नुसता हसलो.

अध्यक्षीणबाईंनी पट्ट्याच्या तोंडाशी जाड लाकडाची पाटी ठोकली आहे. 'मधमाशी उद्यान', आणि खाली वीतभर अक्षरात बाईंचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात आणखी काही मजकूर आहे, तो महत्त्वाचा नाही. मात्र सध्या बाई माझ्यावर रागावल्या आहेत. तू सांगितल्यावरून त्यांना दिलेल्या गुलाबांच्या पानांतून कुणी तरी कात्रीनं कापावेत तसे गोल गोल तुकडे कापून नेले आहेत. त्यांचा संशय माझ्यावर आहे.

कीटकांची पहिली मोजणीही केली. तक्ता असा: मधमाश्या असंख्य, भ्रमर अनेक, फुलपाखरे स्वप्नवत्. एक पिवळ्या फुलांचं झाड तर आपसूक आलं आहे, छातीएवढं, झुबकेदार. मी त्याला 'पिवळी राणी' म्हणतो.

तुझा,
दादा

२९ जून

ती. दादास नमस्कार.

'स्वप्नवत्' हा आकडा आमच्या प्रयोगशाळेत नव्हता. असता तर बरीच नापास बियाणी पास झाली असती.

नीट ऐक. चार काठ्या रोवून हातभर लांब, हातभर रुंद चौकोन कर. घड्याळ लावून दहा मिनिटं बस. काही गुणगुणू नकोस. फुलावर जो बसेल त्याची एक रेघ, नुसता उडून जाईल त्याची नाही. तुझ्या असंख्य मधमाश्यांना पंखांची एकच जोडी असेल, तर त्या साध्या माश्या आहेत, मधमाशीचा गणवेश घालून आलेल्या. त्याही परागांचं काम करतात, तेव्हा हाकलू नकोस, पण हजेरी वेगळ्या रकान्यात मांड.

बाईंच्या गुलाबांची पानं तू कापली नाहीस, हे मी शपथेवर सांगेन. तुला वर्तुळ कधी जमलंच नाही. ती पान कातरणारी माशी आहे. तुकडे नेऊन पोकळ काडीत पिल्लांसाठी खोल्या करते. हा एक प्रकार झाला, नऊ राहिले. बाईंचे आभार मान.

पुढच्या वेळी ओळी आखू नकोस. मुलांना बाकांवर बसवायचं असतं, फुलांना नाही. आणि त्या पिवळ्या राणीची एक फांदी वाळवून मला पाठव. आपसूक येऊन छातीएवढं होणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

धाकटी

ता. क. पाटीवरचा तो बारीक मजकूर काय आहे?

१५ सप्टेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, कारण मी खरोखर मोजत बसलो होतो. दर रविवारी, दहा मिनिटं, तोंड मिटून. शेवटची अट फार कठीण गेली. पण आता ऐक, नऊ प्रकार झाले! टोमॅटोवाले साक्षीला होते. उतारावर पेन्सिलीएवढी भोकं पडली आहेत आणि त्यातून राखाडी माश्या अशा डोकावतात, जशा मधल्या सुटीत खिडकीतून पोरी. आणि बायका चक्क भोपळे वाटत फिरत आहेत.

दहावा पाहुणा सर्वांत थोर. काळाभोर, सुपारीएवढा, पंखांवर जांभळी झाक, आला की हार्मोनियमचा खालचा सूर लागल्यासारखं वाटतं. कवितेतला साक्षात भ्रमर! पण त्यानं घर कुठे करावं? बाईंच्या पाटीत! जाड लाकूड, वाळलेलं, उन्हातलं. नेमकं बाईंच्या नावाच्या तिसऱ्या अक्षरात सुबक गोल भोक पाडलंय आणि खाली रोज चिमूटभर भुसा पडतो.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, पाटीला कीड लागली!" दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून काहीतरी पांढरं कालवून आणलं आणि दातात सिमेंट भरतात तसं भोक भरलं. वर बोटानं गुळगुळीत केलं. भुंग्यानं एक दिवस विचार केला आणि चौथ्या अक्षरात नवं भोक पाडलं. आता बाईंना पाटीवर आणि पट्ट्यावर औषध मारायचंय. ते मारलं तर दहावाच काय, आधीचे नऊही जातील. निर्णय सभेत होणार आहे.

सोबत पिवळ्या राणीची फांदी. हाताशी होता त्या कागदात गुंडाळली आहे.

तुझा,
दादा

२३ सप्टेंबर

ती. दादास,

तुझी पिवळी राणी हे दूरदेशीहून धान्याबरोबर आलेलं तण आहे. बी धरायच्या आत मुळासकट उपट. दोन वर्षांत ती शाईसांडीला श्वास घेऊ देणार नाही.

पण फांदीपेक्षा मला तिचा कागद जास्त आवडला. तुमच्या शेताचं परिपत्रक, पान दुसरं. 'उद्यानाचे मार्गदर्शक गुरुजी यांचे विचारधन.' "मधमाशीला कविता कळत नाही, भूक कळते." "भरगच्च गुलाब म्हणजे दार नसलेलं दुकान." "मुलांना बाकांवर बसवायचं असतं, फुलांना नाही." स्वल्पविरामसुद्धा माझेच आहेत. 'अरे शहाण्या' तेवढं गाळलंस. आता कळलं पाटीवर बारीक अक्षरात काय आहे ते.

तू आठवीत होतास, मी सहावीत. पाठांतर स्पर्धेत तुला तिसरं कडवं आठवेना, म्हणून सरांनी मला पुस्तक देऊन पडद्यामागे उभं केलं. तिसरं कडवं मी सांगितलं, चौथं मी सांगितलं, पाचवंही. कप तुला मिळाला. मुख्याध्यापक मला म्हणाले, "ओठ हलवू नकोस, प्रेक्षकांना दिसतात." घरी सगळ्यांनी कप पाहिला. तूही पाहिलास.

प्रयोगशाळेत तीस वर्षं मी मोजत होते आणि अहवालावर साहेबांची सही व्हायची. त्याचं मला वाईट वाटलं नाही. ती नोकरी होती. तू भाऊ आहेस.

यापुढे मी लिहिणार नाही.

ता. क. भुंग्याला हात लावू देऊ नकोस. त्या दातवाल्या बाईंना सांग, भोक दिसलं की बुजवावं असं त्यांना वाटत असेल, पण प्रत्येक भोक म्हणजे कीड नसते. ती मादी आहे. आत एकामागे एक खोल्या करून, प्रत्येकीत परागाची शिदोरी ठेवून, एकेक अंडं घालते. पाटी काही पडत नाही. फार तर नाव जाईल.

२ ऑक्टोबर

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मन शरदातल्या ढगासारखं झालं. अगं, विचार हे वाऱ्यासारखे असतात. ते कुणाच्या अंगणातून कुणाच्या अंगणात गेले, याची नोंद कोण ठेवतं? तुझं बी जसं माझ्या पट्ट्यात फुललं, तसंच तुझं वाक्य माझ्या मुखात फुललं, असं मानता येणार नाही का? लोक विचारतात, मी सांगतो, आणि दर वेळी "हे माझ्या बहिणीचं" असं म्हणायला सुचत नाही. वय झालं.

राणी उपटली. दोन दिवस पाठ दुखतेय.

तुझा,
दादा

१९ डिसेंबर

चि. धाकटीस,

मागचं पत्र मी आज पुन्हा वाचलं, त्याची नक्कल माझ्याकडे आहे. वाचून लाज वाटली. वाऱ्याचं, ढगाचं आणि अंगणाचं सगळं खोटं होतं. सुचायचं नाही असं नव्हतं, बोलायचं नव्हतं. "गुरुजी, तुम्हाला किती माहिती आहे हो," असं कुणी म्हटलं की, मला बरं वाटायचं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं.

कप अजून माझ्याकडे आहे. मी त्यात पेन्सिली ठेवतो.

सभा पंचवीस फेब्रुवारीला आहे. बाईंनी फवारणीचा आणि सिमेंटचा, दोन्ही ठराव एकत्र लावले आहेत. तू उत्तर देणार नाहीस, ठाऊक आहे. तरी लिहिलं.

दादा

२७ फेब्रुवारी

सन्माननीय भगिनी,

आपला माझा परिचय नाही. मी आपल्या बंधूंच्या वसाहतीतील सामूहिक शेताची अध्यक्षा आहे. निवृत्त दंतवैद्य. आपल्या एका पत्रात माझा उल्लेख 'दातवाल्या बाई' असा आहे, हे मला बत्तीस कुटुंबांसमोर कळले. ते कसे, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

परवा वार्षिक सभा झाली. मी फवारणीचा व सिमेंटचा ठराव मांडल्यावर आपले बंधू बोलण्यास उभे राहिले. नवा सदरा होता. "सभासद मित्रहो, फूल हे…" असे म्हणून ते थांबले. पुन्हा "फूल हे…" म्हणाले आणि डावीकडे, अवजारांच्या खोलीच्या दाराकडे पाहू लागले. तिथे कोणीही नव्हते. बराच वेळ ते तिकडेच पाहत होते. मला झटका आल्याची शंका आली. मी पाणी पुढे केले. ते म्हणाले, "नाही बाई, मला झटका नाही आला. तिसरं कडवं आलं."

मग त्यांनी खिशातून एक पत्र काढले आणि म्हणाले, "या पाटीवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव आहे, ते खोटं आहे. जे वर्षभर मी बोललो, ते माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. तिनंच मला हे लिहिलंय." आणि त्यांनी ते पत्र वाचले. पहिल्या ओळीपासून. परिपत्रकाचे, पडद्याचे, कपाचे, सारे. 'दातवाल्या बाई' या ठिकाणी ते अडखळले; मी म्हणाले, वाचा. त्यांनी वाचले. लोक हसले. सेक्रेटरी सर्वांत मोठ्याने हसले, ही नोंद मी ठेवली आहे. 'तू भाऊ आहेस' या वाक्याला मात्र कोणी हसले नाही.

वाचून ते खाली बसले. पट्ट्याच्या बाजूने एक शब्दही बोलले नाहीत. वास्तविक हा मजकूर विषयपत्रिकेत नव्हता.

मग त्यांचा मोजणीचा तक्ता फिरवण्यात आला. नऊ प्रकार बिनतक्रार होते. दहाव्याबाबत मी हरकत घेतली की, तो फुलावर नसून पाटीत आहे. टोमॅटोवाले सभासद म्हणाले, "राहतो पाटीत, जेवतो फुलावर. आपणही ऑफिसात राहत नाही." मतदान झाले. माझे मत धरता सोळा विरुद्ध पंधरा. एक सभासद झोपले होते. पट्टा राहिला.

माझे मत कोणत्या बाजूला होते, हे आपल्या बंधूंनी अद्याप विचारलेले नाही व मी सांगितलेले नाही.

आता मूळ मुद्दा. सभेच्या दुसऱ्या दिवशी मी माझा दातांचा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन त्या पाटीपाशी गेले. चौथ्या अक्षरातल्या भोकात पाहिले. भोक आत जाऊन वळते व लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुढे जाते. चाळीस वर्षांत इतके स्वच्छ कोरीव काम माझ्या हातून झालेले नाही. तिसऱ्या अक्षरातील भोक मी स्वतः बुजवले होते. तेव्हा आत कोणी होते काय? असल्यास त्यांचे काय झाले असेल? कृपया कळवावे. मी तेव्हापासून ह्याच विचारात आहे.

पाटी बदलण्याचे सभेत ठरले आहे. नवी पाटी पत्र्याची, पोखरली न जाणारी असेल. तीवर मार्गदर्शक म्हणून आपले नाव असावे, असा आपल्या बंधूंचा आग्रह आहे. संमती कळवावी.

आपली नम्र,
अध्यक्षा

१ मार्च

धाकटे,

बाईंनी तुला लिहिल्याचं मला सांगितलं. काय लिहिलं ते सांगत नाहीत.

मी सभेत खूप वेळ डावीकडे पाहिलं. तू नव्हतीस. साठ वर्षांत पहिल्यांदा कळलं की तिथे पडद्यामागे उभं राहणाऱ्याला तो वेळ किती मोठा वाटत असेल.

सात पाकिटांतलं शेवटचं आता फुललंय. मास्तरांची शिंक. शंभरात सोळा. मी दोनदा मोजलं.

दादा

९ मार्च

ती. दादास साष्टांग नमस्कार.

शंभरात सोळा शक्य नाही. दोन कुठलीतरी भलतीच रोपं असणार. मी येऊन बघते.

बाईंना वेगळं पत्र टाकलंय, तरी तूही सांग. बुजवलेल्या भोकामागे पिल्लं असतील, तर मोठी झाल्यावर ती दुसऱ्या बाजूनं लाकूड कोरून बाहेर आली असतील. बाईंच्या सिमेंटनं काही अडलं नसेल. पाटीच्या मागच्या अंगाला नवं भोक आहे का, ते त्यांनी त्या आरशानं पाहावं आणि मग निवांत झोपावं. दाताला आरसा लावणाऱ्या बाईनं किड्याला आरसा लावला, हे मला फार आवडलं. त्यांचं मत कोणत्या बाजूला होतं ते मला पत्र वाचतानाच कळलं. तुला कळलं नसेल, तर तू अजून आठवीतच आहेस.

तू काही न गाळता सगळं वाचलंस. पण त्या पत्रात मी तुला एकदाही 'अरे शहाण्या' म्हणून हाक मारली नव्हती. पुढच्या पत्रात घालीन.

येत्या बावीस तारखेच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. गुडघे आणते सोबत, नाइलाज आहे. पट्ट्याशी माझ्यासाठी पाठ टेकायची खुर्ची ठेव. दगडावर मी बसणार नाही, आणि कुठल्या दाराआड उभी तर मुळीच राहणार नाही. पेन्सिली काढून कप धुऊन ठेव. त्यात मी चहा पिणार आहे.

पाटीवर माझं नाव घालायला हरकत नाही. पण पत्रा नको. बाईंना सांग, त्याच जातीचं जाड, वाळलेलं लाकूड घ्या, उन्हाकडे तोंड करून ठोका, आणि माझं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात, म्हणजे जागा पुष्कळ होईल. माझं नाव खाल्लं जाण्याची मला सवय आहे. या वेळी निदान आत कोणीतरी राहील.

धाकटी